वयस्कर मारवाडी घोड्याची रवाल चाल खुलवताना

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात भाव खाणारी रवाल चाल (एका बाजूचे पुढचे-मागचे पाय जवळजवळ एकत्र पडणारी, स्वाराला धक्के न देणारी चाल) अनेक मारवाडी घोड्यांच्या रक्तातच असते. 15-16 वर्षांच्या नर घोड्यात ती आखडलेल्या पाठीमुळे दबून राहू शकते.

पहिली 15 मिनिटं सैल लगामावर नुसती कदम चाल. या वयात सांधे उशिरा सुटतात. इथे घाई केली तर पुढचं सगळं बिघडतं. मग 20 मीटरची वर्तुळं, दोन्ही बाजूंना सारखी. मान खाली आली, तोंडातली कडी चघळू लागला, की पाठ सुटली समजा.

आता मांड्या न आवळता खोल बसा. पोटऱ्यांनी हलका दाब द्या आणि त्याच क्षणी बोटं मिटून लगाम किंचित धरा. पावलं रवालीत पडली की बोटं लगेच सैल; घोड्याला शाबासकी कळते ती इथेच. टाचा मारल्या तर तो दुडकीवर जातो. लगाम ओढून धरला तर मान वर, पाठ खाली, आणि चाल मोडते. एका वेळी दोन-तीन मिनिटं पुरेत. जवळ माजावर आलेली घोडी असेल तर त्या दिवशी सराव नकोच.

थांबल्यावर 10 मिनिटांनीही नाडी मिनिटाला 60च्या वर असेल, तर दुसऱ्या दिवशी काम निम्मं करा.