व्हिक्टोरियन व्यंगचित्रं भिंतीवर लावताना या चुका टाळा

इथे लंडनमध्ये ओळखीच्या मराठी घरांत हल्ली जुनी व्यंगचित्रं दिसू लागली आहेत. कुणाकडे ‘पंच’ या जुन्या विनोदी साप्ताहिकाचं पान, कुणाकडे ‘व्हॅनिटी फेअर’ साप्ताहिकातला झगा घातलेला न्यायाधीश. लांबून बघून फार बरं वाटतं. जवळ गेलं की मात्र जीव कळवळतो, कारण चित्राखालचा मजकूर माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, गडप झालेला असतो.

मजकूर झाकणं किंवा कापणं

‘पंच’मधल्या चित्रांचा अर्धा विनोद खालच्या दोन ओळींत असतो. एका मैत्रिणीने जॉर्ज ड्यू मॉरिएचं ‘ट्रू ह्युमिलिटी’ घेतलं होतं, ९ नोव्हेंबर १८९५च्या अंकातलं मूळ पान. बिशपच्या घरी न्याहारी चालली आहे. बिशप म्हणतात, “मिस्टर जोन्स, तुमच्या वाट्याला खराब अंडं आलेलं दिसतंय.” तरुण पाद्री घाईघाईने म्हणतो, “छे छे, महाराज! त्यातला काही भाग अगदी उत्तम आहे!” इंग्रजीतला ‘क्युरेट्स एग’ (पाद्र्याचं अंडं, म्हणजे थोडी बरी, थोडी वाईट गोष्ट) हा वाक्प्रचार याच चित्रामुळे घरोघरी पोचला. फ्रेमवाल्याने माउंट चित्राच्या कडेला टेकवून कापला आणि पान नीट बसेना म्हणून खालची पट्टी सुरीने उडवली. उरली काय, तर टेबलाभोवतीची माणसं. येणारा प्रत्येक जण विचारायचा, “हे कोण गं?” कापलेली पट्टी दुकानातल्या कचऱ्यात गेली होती. शेवटी तिने दुसरी प्रत घेतली, तेव्हा मी सोबत गेले.

माझी पद्धत सांगते. माउंटची खिडकी मी घरीच वर्तमानपत्रावर आखते: चित्र, मजकूर आणि त्याखाली बोटभर कोरा कागद. पानावर तारीख असेल तर तीही आत घेते. तो कागद फ्रेमवाल्याच्या हातात देते आणि ‘पान कापायचं नाही’ अशी चिठ्ठी वर लावते. वेळ लागतो. लागू दे.

न वाचता लावणं

ही चूक मला सगळ्यात जास्त लागते. एका घरात सहा वर्षांच्या मुलाच्या पलंगावर सिंह-वाघाचं चित्र होतं. ‘प्राण्यांचं आहे’ म्हणून घेतलेलं. सिंह वाघावर झेपावतोय आणि वाघाच्या पंजाखाली एक बाई आणि मूल. ते होतं जॉन टेनिएलचं २२ ऑगस्ट १८५७चं चित्र, बंगालच्या वाघावर ब्रिटिश सिंहाने घेतलेला सूड. त्यातला वाघ म्हणजे उठाव केलेले आपले शिपाई. “ती बाई मेली का?” असं मुलाने विचारलं, तेव्हा वडिलांनी पहिल्यांदा खालची ओळ वाचली.

ते चित्र ठेवूच नका असं माझं म्हणणं नाही. माझ्या अभ्यासिकेत ते आहे. पण फ्रेमच्या पाठीमागच्या पुठ्ठ्यावर मी चित्रकार, तारीख आणि त्या महिन्यात काय घडत होतं ते पेन्सिलीने लिहिलंय. प्रत्येक चित्राला असं लिहिते. लिहिता येत नसेल तर चित्र अजून समजलेलं नाही, मग ते भिंतीवर जात नाही. जिन्याची भिंत एका शनिवार-रविवारात भरायची म्हणून वीस चित्रांचा संच मागवणाऱ्यांना मी दर वेळी हेच सांगते: महिन्याला एक लावा.

पांढरी रेघ म्हणजे खोट समजणं

चित्रातून आरपार गेलेली केसासारखी पांढरी रेघ दिसली की लोक पान परत करतात. ‘पंच’ची जुनी चित्रं बॉक्सवूडच्या लाकडी ठोकळ्यावर कोरलेली असत. ते झाड बारीक खोडाचं, म्हणून मोठ्या चित्रासाठी लहान ठोकळे जोडायचे. ती रेघ म्हणजे तो सांधा. पेनाने भरू नका, कळकळीने सांगते.

बाकीचं थोडक्यात. सेलोटेप नको, त्याचा पिवळा डाग जात नाही. मी जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या गव्हाच्या स्टार्चच्या खळीने फक्त वरच्या कडेला लावते, म्हणजे दमट हवेत कागदाला फुगायला जागा राहते. थेट उन्हात लावू नका, ‘व्हॅनिटी फेअर’चे रंग उडतात. जुन्या घरांच्या बाहेरच्या भिंती भरीव विटांच्या आणि गार असतात. तिथे लावायचंच असेल तर फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटवा, हवा खेळती राहते. बाथरूममध्ये व्यंगचित्रं लावायची इथली पद्धत मला आवडते, पण तिथे नवी छापील प्रतच हवी. चार फुटांचं पोस्टर करू नका, हातात धरून वाचण्यासाठी कोरलेल्या रेषा जाड्याभरड्या दिसतात.

आणि सोफ्याच्या वर, छताजवळ टांगू नका. उभ्या माणसाला मजकूर वाचता आला पाहिजे. दाटीवाटीने लावलेली चित्रं कशी शोभतात ते बघायचं असेल तर केन्सिंग्टनमधल्या १८, स्टॅफर्ड टेरेसला जा. ‘पंच’चे चित्रकार लिन्ली सॅम्बोर्न तिथे १८७५मध्ये राहायला आले, आता ते संग्रहालय आहे. जिन्याने सावकाश चढा.