आईला हॉस्पिटलमधून थेट केअर सेंटरला न्यायचंय? डिस्चार्जच्या दिवसाची वाट बघू नका

खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन झालं की पाच-सहा दिवसांत डॉक्टर म्हणतात "उद्या सोडतो", आणि आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आम्ही दोघंही नोकरीला. मग एका संध्याकाळी फोन करकरून जे मिळालं ते सेंटर धरलं आणि महिन्याभरात बदलावं लागलं. म्हणून लिहितेय.

ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच फिजिओला आणि वॉर्डातल्या सिस्टरला गाठा, मोठे डॉक्टर राउंडला दोन मिनिटं येतात, त्यांना हे नीट माहीत नसतं. आई कॉटवरून उठायला एक माणूस लागतो का दोन, टॉयलेटला नेता येतं का डायपर, लघवीची नळी राहणार असेल तर कधी काढायची, रात्री भान सुटून काहीबाही बडबडते का (या वयात ऑपरेशननंतर असं बऱ्याच जणांना होतं, लपवू नका). सगळं लिहून घ्या. सेंटरवाले फोनवर आधी हेच विचारतात आणि महिन्याचा रेटही यावरच ठरतो, "थोडी वीक आहे" असं मोघम सांगितलंत तर चार दिवसांनी रेट वाढवतात, आणि खरं सांगायचं तर त्यात त्यांची चूक नसते.

मग सेंटर बघायला जा. बरेच वृद्धाश्रम स्वतःचं स्वतः करणाऱ्यांनाच घेतात, त्यामुळे अंथरुणाला खिळलेला पेशंट चालतो का हे आधीच विचारा. शक्यतो रात्री आठनंतर जा. रात्री किती पेशंटमागे एक मावशी, नर्स असते का फक्त अटेंडंट, दर दोन तासांनी कूस बदलतात का, डायपर-फिजिओ वेगळं लावतात का, डिपॉझिट कधी परत, अर्ध्या रात्री बिघडलं तर कुठे नेतात. आणि वास घ्या, वास खोटं बोलत नाही.

पैशाचं थोडक्यात. सेंटरचं भाडं मेडिक्लेममध्ये सहसा बसत नाही, पण डिस्चार्जनंतरची औषधं-तपासण्या पॉलिसीप्रमाणे ६० किंवा ९० दिवस मिळू शकतात, बिलं आणि प्रिस्क्रिप्शन जपा. ७० वर्षांवरच्यांचं आयुष्मान कार्ड मुख्यतः हॉस्पिटलमध्ये ॲडमिट असतानाच्या खर्चासाठी आहे, या भाड्यासाठी नाही. विमा कंपनीने कॅशलेसचं फायनल अप्रूव्हल तीन तासांत द्यायचं असा २०२४ चा नियम आहे, तरी डिस्चार्जची फाइल हातात आल्याशिवाय ॲम्ब्युलन्स बोलावू नका, वेटिंग लागतं. १०८ इमर्जन्सीसाठी आहे, शिफ्टिंगला प्रायव्हेटच बघा.

आता औषधं, सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. घरच्या डब्यातली जुनी बीपीची गोळी आणि हॉस्पिटलच्या डिस्चार्ज समरीतली नवी गोळी बऱ्याचदा एकच असते, फक्त कंपनीचं नाव वेगळं, आणि सेंटरला दोन्ही दिल्या की दोन्ही चालू होतात! आमच्याकडे हेच झालं, आई दोन दिवस चक्कर येतेय म्हणत होती. डबा हॉस्पिटलमध्येच न्या, कुठली बंद कुठली चालू ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. आज सकाळी काय दिलंय, टाके कधी काढायचे, पायावर वजन टाकायचं का, रक्त पातळ करायची गोळी किती दिवस, हेही. निघताना पाठ, माकडहाड, टाचा यांचे फोटो काढा, नंतर बेडसोअर (पडून पडून होणारी जखम) कुठे झाला यावरून वाद नको.

आईला "घरी जातोय" म्हणून नेऊ नका. माझ्या आईने विचारलं होतं, "मला टाकून येताय का तिकडे?" आणि मी विषय बदलला, ते तिला अजून लागलेलं आहे. वॉकरवर चालेपर्यंतच तिथे ठेवायचं असेल तर तसं सांगा, नाहीतर तारखेचा शब्द देऊ नका. चष्मा, कवळी, कानाचं मशीन, फोनचा चार्जर आणि तिची गोधडी स्वतःच्या हाताने पिशवीत भरा.

शिफ्टिंग सकाळीच करा, शनिवारी संध्याकाळी तर नकोच, सीनियर स्टाफ नसतो. पहिले तीन दिवस वेगवेगळ्या वेळी जा, एकदा जेवणाच्या वेळी नक्की, आणि ताट आईचा हात पोचेल इतकं जवळ ठेवतात का ते बघा.