कमान दिसली, पण मासा कुठे होता?

फिश फाइंडर, म्हणजे प्रतिध्वनीवरून पाण्यातले मासे दाखवणारं यंत्र, हाताळायला लागलो तेव्हा पहिले काही आठवडे मी त्या स्क्रीनला पाण्याखालचा टीव्हीच समजत होतो. खाली तळाची जाड रेघ, वर कमानी, म्हणजे बोटीच्या बरोब्बर खाली मासे! एकदा 10 मीटर पाण्यात लागोपाठ चार ठसठशीत कमानी आल्या. घाईघाईने गळ सोडले आणि तासभर नुसते धरून बसलो. आमचे तांडेल मला फारसं शिकवत नसत, चुकू देत. त्या दिवशी मात्र म्हणाले, "मासा दिसला हे खरं रे. पण कुठे दिसला, ते यंत्राने सांगितलं का तुला?"

नव्हतं सांगितलं. यंत्र फक्त वेळ मोजतं. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1,500 मीटर जातो. पिंग, म्हणजे यंत्राने सोडलेला आवाजाचा ठोका, सुटल्यावर 20 मिलिसेकंदांनी प्रतिध्वनी आला, तर आवाज 30 मीटर फिरून आला, म्हणजे वस्तू 15 मीटरवर. ती नाकासमोर खाली आहे की डावीकडे, हे या हिशेबात येतच नाही. यंत्राचा आवाज खाली शंकूसारखा पसरत जातो आणि त्या शंकूत कुठेही असलेली वस्तू शेवटी एका उभ्या रेघेवर येऊन बसते. अशा रेघा एकापुढे एक सरकत जातात आणि चित्र तयार होतं. ताजी असते ती उजव्या कडेची रेघ. बाकी सगळा स्क्रीन म्हणजे झालेला इतिहास.

कमानही त्यातूनच येते. बोट पुढे जाताना मासा आधी शंकूच्या कडेला सापडतो, तेव्हा तो लांब असतो. मधोमध आला की जवळ, मग पुन्हा लांब. थांबलेल्या बोटीखाली मासाही थांबला असेल तर कमान न दिसता सरळ आडवी रेघ दिसेल. नवखे लोक ती हमखास बिघाड समजतात. मीही समजलो होतो.

आता बीमची, म्हणजे त्या शंकूची, रुंदी. मेनूत साधारणपणे 200 आणि 50 किलोहर्ट्झ असे फ्रिक्वेन्सीचे दोन आकडे भेटतात. पाण्यात 200 किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेसात मिलिमीटर, 50 ची 3 सेंटिमीटर. ट्रान्सड्यूसरची, म्हणजे आवाज सोडणाऱ्या आणि टिपणाऱ्या भागाची, चकती तीच ठेवली तर लहर जितकी आखूड, तितका बीम अरुंद. त्यामुळे बऱ्याच यंत्रांवर 200 चा शंकू 20 अंशांच्या आसपास आणि 50 चा 40 च्या पुढे असतो. नेमका आकडा आपल्या ट्रान्सड्यूसरच्या माहितीपत्रकात बघावा. 20 अंशांना तळावर दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास खोलीच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे 10 मीटरवर साडेतीन मीटर. 45 अंशांना तो सव्वाआठ मीटर होतो. माझ्या त्या चार कमानी रुंद बीमवरच्या होत्या. मासे चार मीटर बाजूला असले तरी दिसले असते, आणि माझे गळ मात्र सरळ खाली.

मग रुंदच का लावायचा? शोधायला. कमी फ्रिक्वेन्सी खोलवर पोचते. जास्त फ्रिक्वेन्सीचा आवाज पाण्यात, त्यातही खाऱ्या पाण्यात, लवकर जिरतो. पण तपशील अरुंद बीमवरच बघावा. दोन्ही बीम एकाच वेळी चालत असतील तर स्क्रीन दुभागून शेजारी शेजारी लावा. दोन्हीकडे दिसला तो मासा बराचसा खाली आहे. फक्त रुंदमध्ये दिसला तो बहुधा बाजूला.

सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट वेगळीच होती. शंकूला भिंत नसते. माहितीपत्रकातला कोन बहुतेक वेळा जिथे आवाजाची शक्ती मधल्याच्या निम्मी होते तिथला असतो. त्याच्या पलीकडेही आवाज जातो, फक्त क्षीण. सेन्सिटिव्हिटी वाढवली की तिथले क्षीण प्रतिध्वनीही स्क्रीनवर येतात, म्हणजे बीमचं बटण न दाबताच शंकू रुंद होतो. कमी केली की आक्रसतो. मी महिनाभर सेन्सिटिव्हिटी कमाल ठेवून 'अरुंद बीम वापरतोय' असं सांगत फिरत होतो! आता आधी ऑटोवर ठेवतो, मग हाताने वाढवत नेतो आणि स्क्रीनवर ठिपक्यांचा कचरा दिसू लागला की जरा मागे घेतो.

उताराने तर मला चांगलाच धडा दिला. रुंद बीम तळाची खोली म्हणून सगळ्यात आधी आलेला प्रतिध्वनी धरतो आणि उतारावर तो वरच्या अंगाकडून येतो. 30 अंशांच्या उतारावर बोटीखाली 20 मीटर पाणी असेल, तर 45 अंशांचा बीम साडेसतरा दाखवतो. मी त्या आकड्यावर दोर सोडला आणि नांगर धरेना. याच कारणाने तळाला चिकटलेले मासेही लपतात. सपाट तळ 10 मीटरवर असताना 45 अंशांच्या शंकूच्या कडेला असलेला मासा तळापासून पाऊण मीटरच्या आत असेल, तर त्याचा प्रतिध्वनी तळाच्या नंतर पोचतो आणि त्या जाड रेघेत मिसळून जातो. 20 अंशांना ही लपायची जागा 15 सेंटिमीटरच उरते. तळालगतचे मासे हवेत तर अरुंद बीम, यावर माझ्यापुरता वाद नाही.

चर्प म्हणजे एकाच पिंगमध्ये फ्रिक्वेन्सीचा पट्टा फिरवणं. त्याने वर-खाली जवळजवळ असलेले दोन मासे सुटे दिसतात. डाव्या-उजव्याचा घोळ तसाच राहतो. आणि माशांची चित्रं दाखवणारी सोय पहिल्याच दिवशी बंद करा. पाण्यात तरंगणारी फांदी किंवा बुडबुडेही ती खुशाल मासा म्हणून दाखवते.

पुस्तकी कोनावर विसंबण्यापेक्षा एक प्रयोग करा. शांत पाण्यात, 8-10 मीटर खोलीवर, बोट उभी ठेवा. दोरीला वजन बांधून ट्रान्सड्यूसरच्या शेजारून 5 मीटर खाली सोडा. स्क्रीनवर आडवी रेघ उमटेल. मग बांबूच्या टोकाला दोरी बांधून वजन दीड मीटर बाजूला न्या. अरुंद बीमवर रेघ पुसट होईल किंवा जाईल, रुंदवर राहील. आता बीम अरुंदच ठेवून सेन्सिटिव्हिटी हळूहळू वाढवत न्या आणि गेलेली रेघ कुठल्या आकड्यावर परत येते ते वहीत लिहून ठेवा.