सापाच्या रक्तातील परजीवी: काचपट्टी कशी करावी, कशी वाचावी

भारतीय जातींचे साप घरी बाळगणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. त्यामुळे पुढील मजकूर गोव्यातील बोंडल्याच्या प्राणिसंग्रहालयासारख्या ठिकाणी किंवा वनखात्याच्या परवानगीने सुटका केलेले साप सांभाळणाऱ्यांसाठी आहे.

धामण किंवा अजगर आणला की खवल्यांखाली रुतलेले गोचीड लगेच दिसतात, परंतु रक्तात काय आहे ते सूक्ष्मदर्शकाशिवाय कळत नाही. सापांत वारंवार आढळणारा रक्तपरजीवी म्हणजे हेपॅटोझून. तो डासाच्या किंवा गोचिडाच्या चाव्यातून सापात शिरत नाही. बाधित डास-गोचीड गिळले गेल्यास, किंवा ज्याच्या शरीरात तो आधीच आहे असा बेडूक वा पाल सापाने खाल्ल्यास शिरतो.

रक्त पशुवैद्यानेच काढावे, आणि विषारी साप पारदर्शक नळीत अर्धा सरकवल्याखेरीज त्याला हात लावू नये. शेपटीच्या खालच्या बाजूने, अवस्कराच्या (मलमूत्राच्या सामाईक द्वाराच्या) बरेच मागे (नराची जननेंद्रिये शेपटीच्या मुळाशी आत असतात), मध्यरेषेवर सुई तिरकी घालावी, मणक्याला टेकताच किंचित मागे घ्यावी आणि सिरिंजचा दट्ट्या हलका ओढावा. पाणचट द्रव आल्यास लसिका (शरीरातला रंगहीन द्रव, लिम्फ) मिसळली आहे असे समजून नमुना टाकून द्यावा. काचपट्टीला एक थेंब पुरतो; इतर तपासण्यांसाठी उरलेले रक्त हेपरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याच्या) नळीत ठेवावे.

गोव्यात खरी अडचण यापुढे येते. जून ते सप्टेंबरमध्ये पसरलेला थेंब हवेतल्या दमटपणामुळे सावकाश वाळतो आणि तांबड्या पेशींत चमकणारे गोल ठिपके उमटतात. सुरुवातीला मीही त्यांना परजीवी समजून वहीत नोंदवले होते. म्हणून पट्टी पंख्याखाली ताबडतोब वाळवावी, लगेच मिथेनॉलमध्ये बुडवावी आणि मगच गिम्सा रंग द्यावा. फोकस किंचित वरखाली केल्यावर ठिपका चमकून विझत असेल, तर तो वाळण्यातला दोष समजावा.

शंभरपटीच्या ऑइल भिंगाखाली पाहताना सापाच्या तांबड्या पेशी लांबट असून त्यांत केंद्रक असते, हे माणसाच्या पट्ट्या पाहणाऱ्या तंत्रज्ञाला आधी सांगून ठेवावे. हेपॅटोझून पेशीच्या आत, केळ्यासारखा किंचित वाकलेला दिसतो आणि केंद्रकाला बाजूला रेटतो. पेशींच्या बाहेर, कडेला पातळ लहरती पडदी असलेला लांबुडका जीव दिसला, तर तो ट्रिपॅनोसोम. दिवडासारख्या पाण्यातल्या सापांत तो जळवांमार्फत येतो. हजार तांबड्या पेशींमागे किती बाधित, हा आकडा तारखेसह लिहावा, नुसते ‘आढळले’ लिहू नये.

आकडा दिसला म्हणून औषध सुरू करण्याची घाई करू नये. पुष्कळ साप हे परजीवी कोणत्याही त्रासाविना वाहतात, आणि ते रक्तातून खात्रीने नाहीसे करणारा उपचार नाही. साप वजन गमावत असेल, तोंडाची आतली कातडी फिकट असेल, किंवा रक्तातील पेशींचे प्रमाण २० टक्क्यांखाली उतरले असेल, तरच दुसरी कारणेही शोधत पशुवैद्याने पुढे जावे. तोवर काम एवढेच, की साप वेगळ्या खोलीत ९० दिवस ठेवावा, खिडक्यांना बारीक जाळी लावावी, बाहेरून पकडलेले बेडूक व पाली खायला देऊ नयेत, आणि गोचीड चिमट्याने तोंडासकट काढावेत. माइट (गोचिडासारखेच, पण अगदी बारीक रक्तशोषक जीव) असल्यास त्यांची अंडी पेटीच्या फटींत राहतात, म्हणून अंथरूण रोज बदलावे. सकाळी पाण्याच्या भांड्याच्या तळाशी खसखशीएवढे काळे ठिपके दिसत असतील, तर माइट अजून गेलेले नाहीत आणि ९० दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावेत.