इंग्लंडमधल्या गावाचा विकिपीडिया लेख सुधारताय? मग या चुका टाळा

विकिपीडियावर इंग्लंडमधल्या एखाद्या मार्केट टाउनचा, म्हणजे बाजार भरवायचा जुना हक्क असलेल्या गावाचा, लेख सुधारायला घ्यायचा म्हटलं की नवीन लोकांना ते काम फार सोपं वाटतं. लेख आधीच आहे, इंग्रजी येतं, गुगल आहे, दुपारच्या चहापर्यंत होऊन जाईल. आणि संध्याकाळी मला मेसेज येतो, "ताई, माझं सगळं रिव्हर्ट केलं हो, का?" रिव्हर्ट म्हणजे केलेला बदल दुसऱ्याने मागे फिरवणं. का म्हणजे, तेच ते, जे मागच्या बॅचने केलं होतं आणि त्याच्या मागच्याही.

उदाहरणाला मार्केट ड्रेटन घेऊ, कारण आपल्याकडची बरीच मंडळी रॉबर्ट क्लाइव्हचा माग काढत तिथेच पोचतात. श्रॉपशायरमधलं, टर्न नदीकाठचं गाव, 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेबारा हजारांच्या आसपास. तिसऱ्या हेन्री राजाने 1245 मध्ये बुधवारच्या बाजाराची सनद दिली आणि बाजार आजही बुधवारीच भरतो. 1651 च्या आगीत बरंचसं गाव जळालं. जिंजरब्रेडसाठी प्रसिद्ध. आता इथून पुढे लोक काय काय करतात ते बघा.

सनद 1245 ची म्हणून "गावाची स्थापना 1245" असं इन्फोबॉक्समध्ये, म्हणजे लेखाच्या बाजूच्या माहितीच्या चौकटीत, टाकतात. अहो, 1086 च्या डूम्सडे बुकात, म्हणजे राजाने करवलेल्या जमिनींच्या नोंदवहीत, ड्रेटनची नोंद आहे. सनद म्हणजे बाजार भरवायचा हक्क, गावाचा जन्मदाखला नाही.

आता माझा सगळ्यात नावडता प्रकार. विकिपीडियावरूनच उचललेली माहिती दुसरीकडे छापून येते आणि मग तेच छापील पान विकिपीडियावर संदर्भ म्हणून लावतात. ज्या गावात हे झालं त्याचं नाव सांगत नाही, भांडण परत उकरायचं नाहीये, पण झालं असं की लेखात बाजाराच्या सनदेचं साल चुकीचं होतं आणि त्याला चक्क संदर्भ होता, गावाच्या माहितीपत्रकाची पीडीएफ. मी जुन्या छापील सनदांच्या यादीत बघितलं तर साल वेगळं. बदललं. दुसऱ्या दिवशी एका स्थानिक गृहस्थांनी परत फिरवलं, वर टॉक पेजवर, म्हणजे लेखाच्या चर्चेच्या पानावर, लिहिलं की आमच्या चौकातल्या बोर्डावरपण हेच साल आहे, तुम्ही इतक्या लांब बसून आम्हाला शिकवू नका. बरं. मग मी दोन्ही सालं शेजारी शेजारी लिहिली आणि वजाबाकी केली. फरक नऊ. जुन्या बँकेतल्या कॅशियरला विचारा, ताळेबंदात नऊने भाग जाणारा फरक आला की तो आधी काय शोधतो, तर उलटे लिहिलेले आकडे. 45 चे 54, 27 चे 72. म्हणजे कुणीतरी टाइप करताना आकडे उलटे केले होते. आता कोणी आणि कधी, हे शोधायला विकीब्लेम म्हणून एक टूल आहे, त्यात शब्द किंवा आकडा टाकला की तो लेखात पहिल्यांदा कुठल्या एडिटमध्ये आला ते सांगतं. निघालं काय, खातं न उघडता नुसत्या आयपी पत्त्यावरून लिहिणाऱ्या कुणीतरी 2009 मध्ये व्याकरण सुधारता सुधारता तो आकडा उलटा केला होता, आणि माहितीपत्रक त्यानंतर चार वर्षांनी छापलेलं, बोर्ड तर त्याहून नवा! चूक विकिपीडियावर जन्मली, पत्रकात गेली, बोर्डावर चढली आणि पुरावा बनून परत आली. त्या गृहस्थांना हे पटायला टॉक पेजवर बराच वेळ गेला, आणि पटलं तरी "ठीक आहे" एवढंच लिहिलं.

म्हणून माझी सवय सांगते. मध्ययुगीन बाजाराचं साल दिसलं की मी गावाच्या वेबसाइटवर जातच नाही, सरळ 1516 पर्यंतच्या इंग्लंड-वेल्समधल्या बाजार आणि जत्रांचं ऑनलाइन गॅझेटियर आहे ते उघडते, त्यात मूळ नोंद कुठल्या दप्तरात आहे हेही दिलेलं असतं. तिथे एक गंमत लक्षात ठेवा. सनदांवर इसवी सन नसतं, राज्यवर्ष असतं, म्हणजे राजा गादीवर आल्यापासूनचं कितवं वर्ष ते. तिसऱ्या हेन्रीचं राज्यवर्ष 28 ऑक्टोबरला सुरू व्हायचं, म्हणजे त्याचं एकोणतिसावं वर्ष अर्धं 1244 मध्ये आणि अर्धं 1245 मध्ये पडतं असं नाही, 1244 चे शेवटचे दोन महिने आणि 1245 चे जवळजवळ दहा. त्यामुळे दोन चांगल्या पुस्तकांत एका वर्षाचा फरक दिसला तर लगेच एकाला चूक ठरवून मोकळे होऊ नका. आणि 1752 च्या आधी इंग्लंडचं वर्ष कायद्याने 25 मार्चला सुरू व्हायचं, तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीतल्या घटनांचंही तेच दुखणं. एक वर्षाचा फरक समजू शकतो. नऊचा नाही.

जुनं झालेलं वर्तमान: काही लेखांत 1911 च्या ब्रिटानिका विश्वकोशातून उचललेली वाक्यं अजून तशीच पडलीयत, कॉपीराइट संपलाय म्हणून चालतात, पण त्यातला "आहे" शंभर वर्षांपूर्वीचा आहे. मार्केट ड्रेटनच्या स्टेशनवर 1963 पासून प्रवासी गाडी थांबत नाही. प्रत्येक "आहे" तपासा.

"निसर्गाच्या कुशीत वसलेलं टुमदार गाव": काढा. "ऐतिहासिक वारसा अभिमानाने जपणारं" हेही काढा.

जिल्ह्यांचा घोळ थोडा समजून घ्या. नॉर्थ श्रॉपशायर हा जिल्हा 1 एप्रिल 2009 ला बरखास्त झाला, आता तिथे श्रॉपशायर कौन्सिल आहे. हे वाचून एखादा उत्साही मुलगा फाइंड-रिप्लेस मारतो आणि लेखातून नॉर्थ श्रॉपशायर साफ करून टाकतो, पण त्याच नावाचा संसदेचा मतदारसंघ अजून जिवंत आहे! शॉर्टकट मारला की असं होतं. तसंच ॲबिंग्डन 1974 पर्यंत बर्कशायरमध्ये होतं आणि आता ऑक्सफर्डशायरमध्ये, तेव्हा जुन्या पुस्तकात बर्कशायर दिसलं म्हणून पहिलं वाक्य बदलायला धावू नका.

लोकसंख्या टाकताना पॅरिशची (स्थानिक कारभाराच्या सगळ्यात लहान विभागाची) टाकताय की सलग वस्तीची, हे लिहा. 2011 ची पॅरिशची आणि 2021 ची सलग वस्तीची घेऊन "वाढ" काढणारे लोक मी बघितलेत.

चॅटबॉटकडून संदर्भ मागू नका. पुस्तक खरं, लेखक खरा, पान नंबरपण दिलेला आणि त्या पानावर भलतंच काहीतरी. उघडून न बघितलेला संदर्भ लावणाऱ्याशी मी वाद घालत नाही, सरळ काढते.

आता क्लाइव्ह. आपल्या माणसाला क्लाइव्ह दिसला की हात शिवशिवतात, मला कळतं ते. 1756 च्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसनच्या आरमाराबरोबर विजयदुर्गावर चालून आलेला, तुळाजी आंग्र्यांकडून किल्ला घेणारा हाच तो, आणि पेशवे त्या वेळी इंग्रजांच्या बाजूने होते, म्हणजे लिहायला आणि भांडायला भरपूर. पण हे मार्केट ड्रेटनच्या लेखात कशाला? तिथे त्याचे तीन परिच्छेद झाले की गाव राहतं बाजूला. विजयदुर्गाचा लेख आहे, क्लाइव्हचा स्वतंत्र लेख आहे, तिकडे घाला हवं तेवढं, मी संदर्भ शोधायला मदत करीन.

आणि मुळात तो मार्केट ड्रेटनमध्ये जन्मलेलाच नाही. 1725 मध्ये स्टिच हॉलला जन्मला, ते मॉर्टन से पॅरिशमध्ये, गावाच्या बाहेर, आणि पुरलाही मॉर्टन सेच्या चर्चमध्येच. मग गावाचं काय? तो इथल्या ग्रामर स्कूलमध्ये काही काळ शिकला, एवढं पक्कं. लहानपणी सेंट मेरी चर्चच्या मनोऱ्यावर चढून दगडी पुतळ्यावर बसला, पोरांची टोळी करून दुकानदारांकडून पैसे उकळले, या गोष्टी लिहायच्या असतील तर "असं सांगितलं जातं" म्हणून लिहा आणि कोण सांगतं तेही लिहा. जिंजरब्रेडचे मसाले क्लाइव्हनेच आणले हीसुद्धा त्यातलीच. आलं घातलेला गोड पदार्थ इंग्लंडात क्लाइव्हच्या कितीतरी शतकं आधीपासून होता, तेव्हा ती गोष्ट "आख्यायिका" याच्या वर जाऊ देऊ नका. जुळ्या गावांच्या (परदेशातल्या ज्या गावांशी औपचारिक मैत्री जोडलेली असते त्यांच्या) ओळीत मात्र क्लाइव्ह हक्काने बसतो. फ्रान्समधलं पेझेनास हे मार्केट ड्रेटनचं जुळं गाव, आणि 1768 मध्ये क्लाइव्ह तिथे राहिला होता. तिथल्या मटण भरलेल्या छोट्या गोडसर पाईची रेसिपी त्याच्या स्वयंपाक्याने दिली असं तिकडचे लोक सांगतात. हे दोन ओळींत मावतं.

हाच नियम लढाईलाही. 23 सप्टेंबर 1459 ची ब्लोर हीथची लढाई सर्रास "मार्केट ड्रेटनमध्ये झाली" असं लिहितात. रणभूमी गावाच्या पूर्वेला, शेजारच्या स्टॅफर्डशायरमध्ये आहे. मी काय करते, कुठलाही "मध्ये" दिसला की नकाशावर पॅरिशची हद्द लावून बघते, हद्दीबाहेर गेला की "जवळ" करते आणि कुठल्या दिशेला ते लिहिते. कंटाळवाणं आहे. पण यावरून कोणी रिव्हर्ट करत नाही.

फोटोसाठी गुगल इमेजेस उघडू नका, जिओग्राफ नावाच्या साइटवर जवळजवळ प्रत्येक इंग्लिश गावाचे फोटो मोफत लायसन्सखाली आहेत आणि त्यातले ढीगभर कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फोटोंच्या भांडारात, आधीच चढवलेले आहेत. आधी तिथे शोधा, फोटो काढणाऱ्याचं नाव द्या. बटरक्रॉसचे (बाजारातल्या जुन्या छपरीचे) सहा फोटो मात्र एका लेखात लावू नका, एक बास.

आणि सगळे बदल एकाच सेव्हमध्ये कोंबू नका. साल वेगळं, लोकसंख्या वेगळी, फोटो वेगळा, प्रत्येकाला एक ओळीची एडिट समरी, म्हणजे काय बदललं ते. म्हणजे एक चुकलं तर तेवढंच उडतं, आणि मला संध्याकाळी मेसेज येत नाही.