सेकंड हँड इस्टेट घेताना या चुका टाळा

सेकंड हँड इस्टेट, म्हणजेच स्टेशन वॅगन, बघायला गेलेला माणूस हमखास आधी बॉनेट उघडतो. इंजिनचा आवाज ऐकतो, ऑइलची कांडी काढून बघतो, मग मागे येऊन दरवाजा वर करतो, "डिकी मोठी आहे" म्हणतो आणि दरवाजा खाली ओढतो. मागची तपासणी तिथेच संपते. इंजिन आणि गिअरबॉक्स त्याच मॉडेलच्या सेडानमध्येही बहुधा तेच असतात. इस्टेटचं जे वेगळेपण आहे ते मागच्या सीटच्या पाठीपासून सुरू होतं, आणि या गाड्या झिजतातही तिथेच. सामान, सायकली, कुत्री, ट्रेलर हे सगळं त्याच भागाने सोसलेलं असतं. म्हणून इस्टेट मागून पुढे बघत यायची. मी बोनेटला सर्वात शेवटी हात लावतो.

डिकीचा तळ न उचलणं

सगळ्यात जास्त वेळा होणारी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. इस्टेटच्या मागच्या भागात पाणी शिरायच्या जागा बऱ्याच असतात. मागच्या दिव्यांमागचं गॅसकेट कडक होतं. छतावरच्या रेल जिथे बोल्टने बसवलेल्या असतात तिथलं सील जातं. मागच्या वायपरला पाणी नेणारी नळी बिजागरीपाशी निसटते आणि ते पाणी काचेवर न जाता आतल्या अस्तरात उतरतं. सनरूफ असेल तर त्याच्या मागच्या निचरा नळ्या तुंबतात. बंपरच्या आत, पत्र्यात, केबिनमधली हवा बाहेर सोडणाऱ्या झडपा असतात, त्यांची रबरं आकसतात. पाणी कुठूनही आलं तरी साचतं एकाच ठिकाणी, स्टेपनीच्या खड्ड्यात आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या कप्प्यांत. आणि बऱ्याच गाड्यांमध्ये इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल (गाडीची कामं सांभाळणारे छोटे संगणक), अँप्लिफायर, कधी बॅटरी आणि फ्यूजबॉक्सही नेमके तिथेच बसवलेले असतात.

माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने अशीच एक छान दिसणारी इस्टेट घेतली. आतून स्वच्छ, डिकीत नवी कोरी मॅट, आरशाला सुगंधी कार्ड. थोड्याच दिवसांत गाडी उभी राहिली की बॅटरी उतरू लागली. गॅरेजवाल्याने बॅटरी बदलली. पुन्हा तेच. मग अल्टरनेटर बदलला. पुन्हा तेच. त्यानंतर मागचा दरवाजा आपोआप अनलॉक व्हायला लागला आणि पार्किंग सेन्सर सरळ रस्त्यावर ओरडायला लागला. तेव्हा गाडी माझ्याकडे आली. मी मॅट काढली, फळी उचलली, स्टेपनी बाहेर घेतली. खड्ड्यात पाणी होतं. डाव्या बाजूचं अस्तर सोडवल्यावर एक मॉड्यूल दिसलं, त्याच्या कनेक्टरवर हिरवट चुरा जमलेला. गाडी बंद केल्यावर ते झोपतच नव्हतं, रात्रभर करंट खात होतं. मूळ कारण डाव्या दिव्यामागचं गॅसकेट. ते हातात घेतलं तर तुकडे पडले. सुट्या भागांत याहून स्वस्त फार थोडं असेल. पण तोवर बॅटरी, अल्टरनेटर आणि मॉड्यूल असे तीन मोठे खर्च त्या घराने सोसले होते. घेण्याआधी फळी कुणी उचलली नव्हती, कारण विकणारा "दुसरं गिऱ्हाईक वाटेत आहे" म्हणत होता. दुसरं गिऱ्हाईक खरंच असेल तर त्याला गाडी घेऊ द्या. तळ न बघता घ्यावी इतकी दुर्मीळ कोणतीही इस्टेट नसते.

माझी सवय अशी. काचा बंद असताना आत बसायचं आणि आधी वास घ्यायचा. सुगंध जितका उग्र, तितकं जास्त वेळ मागे घालवायचं. मग स्टेपनी पूर्ण बाहेर काढायची, खालच्या फोमखाली हात घालायचा, बोल्टच्या डोक्यांवर गंज आणि खड्ड्याच्या भिंतीवर पाण्याची रेघ आहे का ते टॉर्चने बघायचं. संशय आला तर एकाने टॉर्च घेऊन डिकीत बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी सोडायचं. सुरुवात खालून करायची: आधी बंपर, मग दिवे, मग काच, छत शेवटी. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि गळती कुठली ते कळत नाही. सिलिकॉनचे फराटे दिसले तर आधीच्या मालकाला गळती माहीत होती, हे समजून चाला. वरून सिलिकॉन फासणं ही दुरुस्ती नाही. पाण्याची वाट फक्त बदलते आणि पुढच्या माणसाला शोधायला अवघड होते.

रिकामी गाडी चालवून खूश होणं

एकटा माणूस, रिकामी डिकी, चार वळणं. एवढ्यावर कुटुंबाच्या गाडीबद्दल काहीच कळत नाही. मागचे शॉकअप आणि स्प्रिंग दमलेत की नाही हे भार टाकल्यावरच दिसतं. मी चाचणीला जाताना तीन मोठी माणसं मागे बसवतो आणि डिकीत जड काहीतरी ठेवतो. मग बघतो, मागचा भाग किती बसला, गतिरोधकावरून गेल्यावर गाडी एकदाच हलून थांबते की झुलत राहते, खड्ड्यात मागून खडखड येते का.

ज्यांचं मागचं सस्पेन्शन स्वतःहून उंची सांभाळतं अशा इस्टेटना तर हे दुप्पट लागू. मर्सिडीझच्या २००९ सालच्या ई-क्लास इस्टेटला आणि बीएमडब्ल्यूच्या त्याच काळातल्या ५ सिरीज टूरिंगला मागे हवेच्या पिशव्या आहेत. पिशवीला बारीक भेग असेल तर रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी एका बाजूने खाली बसलेली दिसते. म्हणून विक्रेत्याला आधीच सांगा की मी येण्याआधी गाडी सुरू करू नका. गाडी चालू केल्यावर कॉम्प्रेसर वारंवार घरघरत असेल तर गळतीची हवा भरून काढताना तोही लवकरच जाणार.

काही व्होल्वो इस्टेटना निवोमॅट नावाचे शॉकअप असतात. गाडीच्या हालचालीवरच ते आतला दाब वाढवतात आणि भाराचा काही वाटा स्वतः उचलतात, म्हणून त्यांच्याबरोबरच्या स्प्रिंग मुळातच मऊ असतात. ते महाग, म्हणून कुणीतरी साधे शॉकअप टाकतो आणि स्प्रिंग तशाच ठेवतो. मग चार माणसं बसली की गाडीचं बूड रस्त्याकडे आणि हेडलाइट आभाळाकडे. बदलायचेच असतील तर स्प्रिंगसकट बदलावे लागतात. पावतीवर फक्त शॉकअप लिहिलेले दिसले की मी स्प्रिंगबद्दल विचारतोच, आणि विक्रेत्याला उत्तर देता आलं नाही तर पुढची गाडी बघतो.

लिटरच्या आकड्यावर भाळणं

डिकीची क्षमता बहुतेक वेळा २०० × १०० × ५० मिलिमीटरचे, म्हणजे एक लिटरचे ठोकळे रचून मोजतात. पण कुणी सामान झाकायच्या पडद्यापर्यंत मोजतो, कुणी छतापर्यंत, आणि फळीखालचे कप्पेही हिशेबात धरलेले असू शकतात. त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून फार काही कळत नाही.

त्याहून मोठा घोळ एकाच मॉडेलमध्ये असतो. फोक्सवॅगन पसाटची आठव्या पिढीची इस्टेट ६५० लिटरची, पण तिचाच प्लग-इन हायब्रीड, म्हणजे बाहेरून चार्ज होणारी बॅटरी असलेला अवतार ४८३ लिटरचा. स्कोडा सुपर्बच्या तिसऱ्या पिढीच्या काँबीची, म्हणजे इस्टेटची, ६६० लिटरची डिकी प्लग-इनमध्ये ५१० होते. २०१९ साली आलेल्या टोयोटा कोरोला टूरिंग स्पोर्ट्समध्ये १.८ इंजिनला ५९६ लिटर आणि २.० ला ५८१. जाहिरातीत मात्र मोठाच आकडा चिकटवलेला असतो. तुमची बाबागाडी आणि सगळ्यात मोठी बॅग बरोबर घेऊन जा आणि तिथेच डिकीत ठेवून बघा. तोंडाची उंची, चाकांच्या कमानींमधलं अंतर आणि सामान उचलून ठेवायच्या काठाची उंची हेच रोज उपयोगी पडतं. विक्रेत्यासमोर बाबागाडी उलगडायला लाजणाऱ्यांनी नंतर वर्षानुवर्षं ती चाक काढून ठेवलेली मी पाहिली आहे.

जागा आहे म्हणजे भार चालतो, हा समज

दाराच्या खांबावर एक पट्टी असते. तिच्यावरचा पहिला आकडा भरलेल्या गाडीच्या कमाल वजनाचा आणि शेवटचे दोन पुढच्या-मागच्या आसांवर (अ‍ॅक्सलवर) चालणाऱ्या भाराचे. कमाल वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. पुष्कळ इस्टेटमध्ये हाती ४५० ते ५५० किलो उरतात. पाच माणसं, सुट्टीचं सामान आणि छतावरची पेटी यांत ते सहज संपतात. छताची मर्यादा बहुधा ७५ ते १०० किलो असते आणि त्यात रॅक व पेटीचं स्वतःचं वजनही धरायचं.

मुलांच्या सीट घरी ठेवून जाणं

मुलांची सीट थेट गाडीला अडकवायचे आयसोफिक्सचे हुक बहुधा मागच्या दोन कडेच्या जागांनाच असतात. तीन मुलं असतील तर तिन्ही सीट शेजारी शेजारी बसवून, पट्टे लावून बघा, मधल्या सीटचं बकल दबतं का ते पाहा. मागे तोंड असलेली सीट लावल्यावर पुढे बसणाऱ्याचे गुडघे कुठे येतात तेही बघा. हे मोजपट्टीने कळत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

सामान झाकायचा पडदा आणि मागची जाळी जागेवर आहेत का ते बघा. मूळ भाग वेगळे विकत घेताना महाग पडतात. जाळीशिवाय छतापर्यंत सामान रचू नका, जोरात ब्रेक लागला की ते मुलांच्या डोक्यावर येतं.

मागचा दरवाजा अर्ध्यावर सोडून बघा. आपोआप खाली आला तर त्याला वर धरणारे गॅसचे दांडे गेले. ते जोडीनेच बदला.

बिजागरीजवळच्या रबरी नळीतल्या तारा दरवाजा उघडून-मिटून तुटतात. मागचा वायपर, काचेची हीटिंग, नंबरप्लेटचा दिवा आणि लॉक, चारही चालू आहेत का पाहा.

टायरच्या कडेवरचे शेवटचे चार अंक वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. मागच्या टायरची आतली कड हात फिरवून तपासा.

ट्रेलरचा हुक असेल तर काय ओढत होतात ते सरळ विचारा आणि क्लच चढावर तपासा.

रोजची धाव शाळा आणि बाजार एवढीच असेल तर पार्टिक्युलेट फिल्टरवाली (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेली) डिझेल घेऊ नका. लांब पल्ला मिळाला नाही की फिल्टर तुंबतो.

फोर्डचं एक लिटर इकोबूस्ट किंवा प्यूजोचं १.२ प्यूअरटेक असेल तर त्यांच्या बऱ्याच आवृत्त्यांत टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनच्या झडपांची वेळ साधणारा पट्टा, ऑइलमध्ये फिरतो. ऑइल वेळेवर आणि योग्य प्रतीचं बदलल्याच्या पावत्या नसतील तर मी ती गाडी घेत नाही.

गाडीच्या संगणकातले एरर वाचणारा स्कॅनर लावला आणि एकही एरर नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. त्याच स्कॅनरवर रेडीनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते, बघा. बरेचसे "अपूर्ण" असतील तर एरर नुकतेच पुसले असण्याची किंवा बॅटरी काढून लावल्याची शक्यता मोठी. विक्रेत्याला सांगा, आठवडाभर नेहमीसारखी चालवा, मी परत येऊन बघतो.