चिऱ्यांच्या घरात वायफाय मागच्या पडवीपर्यंत कसे न्यावे

गोव्यातील फोंडा, डिचोली किंवा पेडणे तालुक्यांच्या जुन्या घरांत वायफायची तक्रार बहुधा सारखीच असते: ओसरीवर रेंज भरपूर, स्वयंपाकघरात जेमतेम आणि मागच्या पडवीत काहीच नाही. याचे कारण बहुतेक वेळा राउटरमध्ये नसून भिंतींत असते. जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची भिंत जाड असतेच, शिवाय हा दगड सच्छिद्र असल्याने पावसाळ्यात ओल धरतो, आणि पाणी रेडिओलहरी शोषून घेते. अशा दोन भिंती मध्ये असल्यावर अधिक अँटेनांचा महागडा राउटर आणूनही फारसे साधत नाही, कारण राउटरचा आवाज, म्हणजे सिग्नलचा जोर, वाढला तरी मोबाइलचा वाढत नाही, आणि संवाद दोन्ही बाजूंनी व्हावा लागतो. खरा उपाय म्हणजे भिंत वायरने ओलांडणे आणि पलीकडे दुसरे वायफाय उभे करणे.

त्याआधी फुकटातले उपाय करून पाहावेत. केबलवाला जिथे सोयीचे वाटले तिथे, म्हणजे बहुधा टीव्हीच्या मागे, राउटर ठेवून जातो. तो तिथून काढून दरवाजांच्या रांगेत, उंचावर आणि लोखंडी कपाट, फ्रीज व मोठ्या आरशापासून दूर ठेवावा. मोबाइलमध्ये सिग्नल मोजणारे ॲप घेऊन दारे नेहमीसारखी लोटलेली असताना प्रत्येक खोलीत आकडा पाहावा. हा आकडा डीबीएम या सिग्नलच्या मापात उणे येतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला: उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ८० ला मात्र नुसती जोडणी दिसते आणि काम होत नाही. राउटरच्या दोन लहरपट्ट्यांपैकी ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान असला तरी भिंतीत लवकर मरतो, म्हणून लांबच्या खोलीसाठी २.४ गिगाहर्ट्झ वापरावा आणि त्यात १, ६ किंवा ११ यांपैकी शेजाऱ्यांची गर्दी कमी असलेला चॅनल निवडावा.

बाजारात मिळणारा रिपीटर लोक हटकून चुकीच्या जागी, म्हणजे जिथे रेंज नाही नेमक्या त्याच खोलीत लावतात. ज्याला स्वतःलाच सिग्नल मिळत नाही तो पुढे काय देणार? रिपीटर वाटेत, सिग्नल अजून चांगला असलेल्या ठिकाणी हवा. तरीही एकाच पट्ट्यावर घेणे आणि देणे चालत असेल तर वेग साधारण निम्म्यावर येतो. मेश संचाची, म्हणजे मिळून एकच वायफाय पसरवणाऱ्या अनेक खोक्यांची, कार्यपद्धती यापेक्षा सुबक असते, पण चिऱ्यांच्या घरात त्याचेही खोके एकमेकांना वायरनेच जोडलेले बरे.

वायरसाठी कॅट ६ प्रकारची नेटवर्क केबल घ्यावी, आणि ती निव्वळ तांब्याची आहे याची खात्री करावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त पडते, पण टिकत नाही. शंभर मीटरपर्यंतच्या अंतराला अडचण नाही. कौलारू घरात भिंतीच्या माथ्यावरून, वाशांच्या कडेने केबल नेता आली तर भिंत फोडावी लागत नाही. मात्र उंदीर कुरतडतात म्हणून ती पीव्हीसी पाइपातूनच न्यावी. भिंतीला भोक पाडणे भाग असेल तर ते बाहेरच्या बाजूला किंचित उतरते ठेवावे आणि आत शिरण्यापूर्वी केबलला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पागोळ्यांचे पाणी झोळाच्या तळाशी गळून जाते व केबलवरून घरात येत नाही. बाहेरच्या भागासाठी उन्हापावसाला टिकणारे काळे आवरण असलेलीच केबल वापरावी.

पलीकडच्या टोकाला कपाटात पडून असलेला जुना राउटरही चालतो. तो लॅपटॉपला वायरने जोडून त्याचे सेटिंग उघडावे आणि ॲक्सेस पॉइंट मोड (यात तो फक्त वायफाय पसरवतो) असल्यास तो निवडावा. नसल्यास त्याचा नेटवर्कमधला पत्ता (आयपी) बदलावा, म्हणजे मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्यावा, मुख्य राउटर इतर उपकरणांना तोच पत्ता वाटत नाही ना हे तपासावे, आणि जुन्या राउटरमधील डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना पत्ते वाटणारी सोय, बंद करावे. हे राहून गेले तर घरात पत्ते वाटणारे दोघे होतात आणि मोबाइल अधूनमधून विनाकारण अडकतात. मुख्य राउटरकडून आलेली वायर लॅन पोर्टमध्येच घालावी, वॅनमध्ये नव्हे. वायफायचे नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार दोन्हीकडे एकच ठेवावा, चॅनल मात्र वेगळा. एवढे करूनही पडवीत पोहोचल्यावर मोबाइल ओसरीच्याच सिग्नलला चिकटून राहत असेल, तर मुख्य राउटरची प्रक्षेपणशक्ती थोडी कमी करावी; ऐकायला उलटे वाटते, पण गुण येतो.

आवारात वेगळी खोली किंवा गोठा असेल तर तिथपर्यंत तांब्याची केबल नेऊ नये. वीज जवळपास कोसळली की अशा लांब तारेतून दोन्ही टोकांची उपकरणे जळू शकतात. दोन इमारतींमध्ये धातू नसलेली फायबर केबल आणि दोन्ही टोकांना एकेक मीडिया कन्व्हर्टर (फायबरला नेटवर्क केबलशी जोडणारे खोके) असा खर्च थोडा जास्त आहे, पण मे महिन्याच्या अखेरीस आणि ऑक्टोबरात इथे होणारा गडगडाट पाहता तो वाचवण्यासारखा नाही. वीज गेल्यावरही नेट हवे असल्यास राउटरचा छोटा यूपीएस फायबरच्या खोक्याला, मुख्य राउटरला आणि पडवीतल्या राउटरलाही लागेल. विकत घेताना प्रत्येकाच्या ॲडाप्टरवर ९ व्होल्ट लिहिले आहे की १२, हे वाचूनच घ्यावा.